कौलांखाली

खानापुरात वीज आधी कणकुंबीवर पडते,
मग जांबोटीच्या रानातून चालत येते.
दिसल्यापासून ऐकू येईपर्यंत मी आकडे मोजतो.
नऊ. सहा. चार.
एकसष्ट वर्षांच्या माणसानं असं मोजत बसू नये,
पण बसतो.

दसरा होऊन गेला, आता कसला पाऊस,
असं अख्ख्या गल्लीनं ठरवलं होतं.
लाईट तेवढी शहाणी, ढग बघूनच गेली.

बत्तीस वर्षं मी कौलं केली.
चिखल तुडवला, साचा दाबला, भट्टी राखली.
डोक्यावरची ही सगळी माझ्याच हातची,
एखाद्यावर ओल्यातला अंगठाही उमटला असेल.
तरी वारा सुटला की वाटतं,
यातलं एकही नीट भाजलं नव्हतं.

हे फक्त नागूला माहीत होतं.
ती काही बोलायची नाही,
हुलगे भाजायला घ्यायची.
त्या खमंग वासातून गडगडाट
जरा लांबून आल्यासारखा वाटायचा.
मग माडगं. गूळ, सुंठ, वर ओलं खोबरं,
वाटी इतकी गरम की दोन्ही हात तिथंच गुंतायचे
आणि थरथर कुणाला दिसायची नाही.

ती गेल्यापासून चारदा करून पाहिलं.
गुठळ्या होतात.
आज पाचव्यांदा.

पुण्याहून रेणूनं बाटली पाठवलीय, करंगळीएवढी,
कसल्याशा जांभळ्या फुलांचं तेल.
'बाबा, विजा चमकल्या की दोन थेंब रुमालावर,
आणि श्वास सावकाश.'
म्हणजे तिलाही माहीत होतं.
मी ती निलगिरीच्या बाटलीशेजारी ठेवली.
निलगिरीचं बरं असतं, सर्दीपडशातली जुनी ओळख.
ही पाहुणी. हिच्याशी काय बोलावं कळत नाही.

दार वाजलं. मला वाटलं वारा.
नीलव्वा होती, कडेवर नातू, डोक्यावर परात.
त्यांचा पत्रा एका बाजूनं उचलला होता.
'मामा, गाळी भाळ ऐत्री!'
कानडीत गाळी म्हणजे वारा.
आज मराठीतही चुकीचं वाटलं नाही,
बाहेर नुसती शिव्यागाळी चालली होती
चिंचेला, खांबाला, वाळत घातलेल्या चादरीला.

बसूनं कान गच्च दाबलेले.
मी म्हटलं, दाबू नको, मोज.
तो कानडीत मोजू लागला, मी मराठीत,
ओंदु, एक, एरडु, दोन, मूरु,
आणि तीन म्हणायच्या आत घर हाललं.
माझ्या हातातली बाटली उडाली.
शहाबादी फरशीवर काच, आणि दोन थेंब नव्हे,
सगळंच्या सगळं.

'येन वासनी री मामा!'
नीलव्वा नाकाला पदर लावून हसायला लागली.
बसूही हसला, कान सोडून.
भाजलेले हुलगे, भिजलेलं पोर, निलगिरी,
त्यावर ती परक्या गावची फुलं,
घरात एवढी दाटी झाली
की विजेला आत पाय ठेवायला जागा उरली नाही.

नीलव्वानं पातेल्यात डोकावून पाहिलं.
'पीठ आधी गार पाण्यात कालवायचं की वो,
अक्कानं मला शिकवलं, तुम्हाला नाही?'
मला नाही.
मी कधी विचारलंच नव्हतं.

मधल्या खोलीत एक कौल गळत होतं.
परात खाली ठेवली.
बसू आता ते थेंब मोजतोय, माडग्याच्या मिशा काढून.
वीस झाले की पुन्हा ओंदु. त्यापुढचं त्याला येत नाही.
मी मात्र मघापासून मोजलेलं नाही.
वाटी गरम आहे. गुठळी एकच लागली,
ती गिळून टाकली.

सकाळी लाईन लागली की रेणूला फोन करायचा.
सांगायचं, तुझं तेल चांगलं होतं गे.
तू दोन थेंब म्हणाली होतीस,
इथं बाटली लागली,
आणि माणसं तीन.